सातवी रेघ

लाईट गेली तेव्हा सामन्याची शेवटची पाच षटकं उरली होती. पुतण्या काळ्या पडद्याकडे तसाच बघत बसला. सूनबाई मेणबत्ती शोधायला उठली आणि टेबलाच्या पायाला ठेचकाळली. पुतणीनं धावसंख्या बघायला मोबाइल काढला, तर त्याची बॅटरीही शेवटच्या घटका मोजत होती.

"काका, तुम्ही याच मैदानाच्या ऑफिसात होतात ना?" पुतण्या म्हणाला. "मग लाईट येईपर्यंत सांगा काहीतरी आतलं."

"भुताचं सांगा," सूनबाई मेणबत्ती घेऊन आली. "एवढं मोठं मैदान, रात्री रिकामं. एखादं तरी असेलच."

"आमच्या ऑफिसात जिवंत माणसं जागेवर सापडत नसत, तिथं मेलेली कुठून सापडणार?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मघाशी पडद्यावर कॅमेरा फिरताना मैदानाचा एक कोपरा दिसला होता, उत्तरेकडच्या पांढऱ्या भिंतीसारख्या साइटस्क्रीनच्या जरा डावीकडचा, आणि तेव्हापासून माझं सामन्यात लक्ष नव्हतं.

"एक आहे," मी म्हणालो. "माझ्या ओळखीच्या माणसाबरोबर घडलेली. बरीचशी त्यानं सांगितली, शेवट मी स्वतः पाहिला. ऐकायची असेल तर मध्ये उठायचं नाही."

कोणी उठलं नाही. तेव्हा सांगितली. तीच इथे लिहितो आहे.

टीव्हीवर दिसतं ते हिरवंगार वर्तुळ वर्षातले आठ-दहा दिवस तसं असतं. बाकीचे दिवस ते मैदान पडेल ते काम करतं. फुटबॉल, धावण्याच्या शर्यती, शाळांची कवायत, एकदा तर कुत्र्यांचं प्रदर्शन. प्रत्येक खेळाच्या रेघा वेगळ्या. एका खेळाच्या पुसायच्या, दुसऱ्याच्या मारायच्या. हे काम मैदानाच्या माळ्याचं. रेघा मारायची पांढरी पूड म्हणजे फक्की, म्हणून आम्ही त्यालाच फक्की म्हणायचो. त्याच्या रजेच्या अर्जावरसुद्धा पाच बोटांचे पांढरे ठसे असत. सहीची गरजच नव्हती. त्याची बायको त्याच्याबरोबर मैदानावरच कामाला होती. ती ओघानंच फक्कीणबाई.

धावण्याची सरळ रेघ शंभर मीटरची. एका टोकाला फक्की, दुसऱ्या टोकाला फक्कीणबाई, मध्ये दोरी. तो आपल्या टोकाला दोरी ताणून वाळूच्या पोत्याखाली दाबायचा आणि दोरीच्या कडेकडेनं डब्यातून फक्की सोडत तिच्याकडे चालत जायचा. पोतं थोडं थोडं सरकतं, म्हणून दुसऱ्या टोकाला कोणीतरी दोरी हातात घट्ट धरून बसावं लागतं. दोरी सैल पडली की रेघ सापासारखी जाते.

"मग खिळा ठोकायचा ना सरळ," पुतण्या म्हणाला. "दोन खिळे, एक दोरी. बायकोला कशाला बसवायचं?"

"खिळ्यांना मनाई होती. परिपत्रक होतं."

"कोणाचं?"

"वरून आलं होतं," मी म्हणालो, आणि पुढे गेलो.

शंभर मीटरवर हाक पोचते, पण शब्द कळत नाही. म्हणून त्या दोघांची एक भाषा होती. दोरीला एक हिसका म्हणजे 'ओढ'. दोन हिसके म्हणजे 'सोड'. बस. बावीस वर्षं त्यांनी एवढ्या दोन शब्दांवर काढली. घरी भांडण झालं असलं की आम्हाला लगेच कळायचं, कारण त्या दिवशी रेघा फार सरळ यायच्या. दोघंही इरेला पडून ओढायचे. मी एकदा म्हणालो होतो, "फक्की, उद्या आंतरराष्ट्रीय पाहुणे आहेत, आज जरा बायकोशी भांडून ये." तो म्हणाला, "भांडूनच आलोय साहेब. बघा की रेघ."

काम संपलं की दोरी गुंडाळायची ती फक्कीणबाईच. त्याला ते कधी जमलं नाही. त्यानं गुंडाळली की दुसऱ्या दिवशी टोक सापडायचं नाही आणि अर्धा तास गुंता सोडवण्यात जायचा. ती अंगठा आणि कोपर यांच्यात झरझर वेढे घ्यायची, मधे कंबरपट्ट्यासारखे तीन आडवे वेढे मारायची आणि शेवटचं टोक दुमडून बाहेर असं खोचायची की सशाच्या कानासारखं उभं राहावं. त्याला ती 'कान' म्हणायची. "कान बाहेर ठेवलाय, धरून ओढा म्हणजे झालं," असं ती त्याला रोज सांगायची. लहान मुलाला सांगावं तसं.

एका वर्षी मंगळवारी आंतरराष्ट्रीय सामना आणि गुरुवारी सकाळी धावण्याच्या स्पर्धा असं आलं. बुधवारचा दिवस आवराआवरीत जाणार, रेघांना एकच रात्र. आठ धावपट्ट्या, म्हणजे नऊ रेघा. फक्कीणबाईला दोन दिवस बरं नव्हतं. छातीत जळजळ होते म्हणायची. तरी आली. सहा रेघा झाल्या. सातव्या रेघेला फक्कीनं दोरी ताणली, आणि पलीकडून दोन हिसके आले.

सोड.

त्याला वाटलं, हिला कंटाळा आलाय. किंवा दोरी जागेवर नाही. रात्र जात होती, तीन रेघा बाकी होत्या. त्यानं एक हिसका दिला. जोरात. ओढ.

जरा वेळ काही नाही. मग दोरी ताणली गेली. अगदी घट्ट. त्यानं ती पोत्याखाली दाबली आणि फक्की सोडत निघाला. शंभर मीटर चालायला, हात सारखा ठेवून, चार-पाच मिनिटं लागतात. दोरी एकदाही हलली नाही. तो मला पुढे म्हणाला, "साहेब, आयुष्यात तशी सरळ रेघ मारली नव्हती. मनात म्हटलं, पोचल्यावर सांगतो तिला."

पोचला. ती साइटस्क्रीनला पाठ टेकून बसली होती. दोरीचे चार वेढे हाताला घेतलेले. मूठ मिटलेली. तिची मूठ सोडवायला दोघं लागले.

सूनबाईनं मेणबत्तीजवळचा हात मागे घेतला. पुतणी म्हणाली, "म्हणजे तिनं 'सोड' म्हटलं होतं ते..."

"हो."

"आणि हे म्हणाले 'ओढ'."

"हो."

पुतण्यानं परिपत्रक कोणाचं ते पुन्हा विचारलं. मग मी सांगून टाकलं. त्याच्या काही महिने आधी एका सामन्याच्या आदल्या दिवशी गवतात विसरलेला एक खिळा सापडला होता. कोणाला लागला नव्हता, फक्त आमच्या मोठ्या साहेबांच्या प्रतिष्ठेला लागला होता. त्यांनी तोंडी हुकूम दिला. 'मैदानात कोणत्याही प्रकारचा खिळा, खुंटी अथवा सळई ठोकण्यास सक्त मनाई आहे.' वाक्य माझं होतं. 'अथवा' हा शब्द घातल्यावर मला फार बरं वाटलं होतं. टाइपही मीच केलं. तोपर्यंत ती दोघं खिळे वापरायची. ती टोकाला उभी राहून दोरी ओढायची, खिळ्याला अडकवायची आणि शेवटी गुंडाळायची. बसून धरायला लागली ती माझ्या परिपत्रकानंतर.

फक्कीनं मला कधी बोल लावला नाही. त्याला परिपत्रक कोण लिहितं हेच ठाऊक नव्हतं. ती हवेतून येतात असं त्याला वाटायचं. तो बोल लावायचा स्वतःला, आणि तोही मनात. मैदानावर वर्षभर गप्प. लेक दुसऱ्या गावी असते, ती बोलवायची, "बाबा, पुरे आता, या इकडे." जायचा नाही. मला एकदाच म्हणाला, "साहेब, तिनं सांगितलं होतं हो. स्पष्ट सांगितलं होतं. दोनदा."

आता त्या रात्रीचं सांगतो.

पुढचं वर्ष. अकरा मार्च, बुधवार. म्हणजे तिला जाऊन वर्ष व्हायला एक दिवस कमी होता. भुतं तारखा पाळत नाहीत. तारखा पाळतो तो कारकून. पुन्हा मंगळवारी सामना, गुरुवारी धावण्याच्या स्पर्धा, रेघांना एकच रात्र. रात्री साडेनऊला मला मैदानावर एक नकाशा पोचवायचा होता. पट्ट्यांची रुंदी पाच सेंटिमीटरनं बदलली होती आणि ते स्पर्धावाल्यांना त्याच संध्याकाळी आठवलं होतं. एवढंच काम.

मोठे दिवे बंद होते. पॅव्हेलियनचा एक दिवा चालू, त्याचा उजेड जेमतेम खेळपट्टीपर्यंत. त्यापलीकडे काळोख, आणि काळोखात चाळीस हजार रिकाम्या खुर्च्या. फक्की पोत्यावर बसला होता. दुसऱ्या टोकाला पंपवाला होता. पाण्याचा पंप बघणारा हा मध्यम वयाचा माणूस, बडबड्या, पण कामाला बरा.

मी नकाशा दिला. म्हणालो, "मी थांबू का? दोरी धरीन."

फक्की म्हणाला, "साहेब, तुम्ही फाइल धरा. ती ओढत नाही."

मी हसलो. सुटलो असंही वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी आलो, जेवलो, झोपलो. पुढचं फक्कीनं आणि पंपवाल्यानं सांगितलेलं आहे. दोघांचं सांगणं तंतोतंत जुळत होतं. आमच्या ऑफिसात दोन माणसांचं सांगणं कधीच जुळलं नव्हतं, म्हणून मी ते खरं धरतो.

सहा रेघा झाल्या तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. पंपवाल्याला फोन आला. उत्तरेकडच्या स्टँडखालचा व्हॉल्व्ह फुटला होता, पाणी खोल्यांत शिरत होतं. त्यानं दोरी गवतात ठेवली, "काका, आलोच" असं ओरडला आणि पळाला. फक्कीला ते ऐकू गेलं नाही. त्याला एका कानानं कमीच ऐकू यायचं.

तो पोतं सरकवून सातव्या खुणेवर गेला. दोरी हातात घेतली. एक हिसका दिला. ओढ.

दोरी ताणली गेली.

त्यानं ती पोत्याखाली दाबली, डबा उचलला आणि चालायला लागला. दहा पावलांवर त्याला जाणवलं की दोरी फार खाली आहे. पंपवाला उभा राहून धरायचा, विहिरीतून बादली काढल्यासारखा. ही गवताला लागून होती. कोणीतरी बसून धरल्यासारखी. त्याला वाटलं, दमला असेल बिचारा. तो पुढे गेला.

वीस पावलं. तीस.

दोरी एकदाही हलली नाही.

चाळीस मीटरवर खूण होती. तिथे मागून आवाज आला.

"काका, अहो थांबायचं ना! मी पंपावर गेलो होतो."

फक्की वळला. पंपवाला त्याच्या मागे उभा. गुडघ्यापर्यंत भिजलेला. पंप पॅव्हेलियनमागे होता, त्या बाजूनं आला होता.

"तू... इकडे?"

"तर काय. पंप बंद करून आत्ता येतोय. रेघ कशी मारताय तुम्ही एकटे? दोरी कोणी धरलीय?"

फक्कीनं दोरीकडे बोट दाखवलं.

दोघांनी खाली बघितलं. दोरी ताठ होती. पुढे सरळ गेलेली. काळोखात.

"वाऱ्यानं..." पंपवाला म्हणाला. मग त्याचं त्यालाच पटलं नसावं.

वारा नव्हता.

फक्की खाली बसला. दोन बोटांनी दोरी उचलली. हलक्या हातानं, नाडी बघावी तशी. तो म्हणाला, दोरी कापत होती. फार थोडी. धरून धरून हात भरून आला की कापतो ना... तशी.

आणि मग...

एक.

दोन.

"काका," पंपवाला कुजबुजला, "काका, काय आहे ते?"

"सोड म्हणतेय."

"कोण?"

...

"कोण म्हणतंय, काका? चला, बघू. साठ मीटर तर आहे. चला, मी येतो बरोबर."

फक्कीनं त्या बाजूला बघितलं. साइटस्क्रीनचा पांढुरका चौकोन तेवढा दिसत होता. त्याच्या खाली काही दिसत नव्हतं. किंवा असं काही, जे काळोखापेक्षा जरा जास्त काळं होतं. बसलेलं.

साठ मीटर. तो गेला असता तर एका मिनिटात पोचला असता. वर्षभर त्याला दुसरं काही नको होतं. एकदा बघायचं. एकदा विचारायचं.

तो उठला.

आणि उलट्या दिशेनं पळत सुटला.

पंपवाला म्हणतो, "साठीचा माणूस, पण असा धावला की उद्याच्या शर्यतीत उतरला असता." चाळीस मीटर. मारलेल्या ताज्या रेघेवरून, ती तुडवत. बावीस वर्षांत कोणाला त्या रेघेवर पाय ठेवू दिला नव्हता त्यानं. पोत्यापाशी पोचला. पोतं दोन्ही हातांनी उलथवलं. दोरी मोकळी झाली.

"सोडली गं," तो म्हणाला. "सोडली. सोडली."

दोरी त्याच्या मुठीतून सरकायला लागली. सावकाश. गवतातून सुरसुर आवाज करत निघाली. शेवटचा वीतभर तुकडा राहिला तेव्हा त्यानं तो चिमटीत धरला. ओढला नाही. नुसता धरला.

थांबला.

...

मग चिमूट उघडली.

मी पहाटे साडेपाचला गेलो. आखणी बरोबर आहे असं लिहून द्यायचं माझ्याकडे होतं. फक्की पोत्यावर बसला होता, पंपवाला शेजारी. दोघं रात्रभर तिथेच. त्यांनी मला सगळं सांगितलं. मी विचारलं, आणि विचारायला नको होतं, "फक्की, अरे, बघायला का नाही गेलास?"

तो म्हणाला, "साहेब, गेल्या वर्षी मी चालत गेलो तिच्याकडे. तेवढा वेळ ती धरून बसली होती. काल मी बघायला गेलो असतो, तर पुन्हा तेवढा वेळ धरावं लागलं असतं तिला."

मग म्हणाला, "शेवटचं टोक धरून थांबलो होतो. म्हटलं, एक हिसका देईल. एकच. ओढ म्हणाली असती ना साहेब, तर गेलो असतो."

उजाडत होतं. अडीच रेघा बाकी होत्या आणि सात वाजता मुलं येणार होती. पंपवाल्यानं कोठीतून दोरीचं नवं रीळ आणलं, पण दोरी धरायला तो त्या टोकाला जाईना. हात जोडले त्यानं. तेव्हा मी म्हणालो, "मी जातो." या वेळी फक्कीनं थट्टा केली नाही.

मी त्या सातव्या रेघेच्या कडेनं चालत गेलो. चाळीस मीटरपर्यंत ती तुडवलेली होती. पुढे नुसतं गवत, दवानं पांढरं झालेलं. त्या दवावर माझ्या पावलांशिवाय एक ठसा नव्हता. साइटस्क्रीनपाशी पोचलो. नव्या दोरीचं टोक हाताला गुंडाळलं आणि खाली बसलो, ती बसायची तसा. पलीकडून एक हिसका आला. मी ओढली. जीव खाऊन ओढली. चार मिनिटांत माझा हात खांद्यापासून भरून आला. तेवढ्या वेळात मला माझ्या परिपत्रकातला शब्द न् शब्द आठवला. 'अथवा'सकट.

फक्की रेघ मारत माझ्यापाशी आला. डबा खाली ठेवला. मी उठायला हात टेकला, तेव्हा माझ्या मांडीशेजारी, साइटस्क्रीनच्या बुडाशी, काहीतरी हाताला लागलं. दोघांनी एकदमच बघितलं.

जुनी दोरी होती. सगळी. गुंडाळलेली. अंगठा आणि कोपर यांच्या मापाचे वेढे, मधे तीन आडवे, कंबरपट्ट्यासारखे.

फक्की गुडघ्यावर बसला. त्यानं ती उचलली नाही. एक बोट पुढे केलं, रेघांच्या पुडीनं पांढरं झालेलं, आणि हात न लावताच थांबला.

कान बाहेर ठेवला होता.